हेमांगीला न पोचलेला निरोप

हेमांगी घाग गेली तेव्हा मी घोडपदेवला तिच्या घरी भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि तिचा नवरा दिलीप भिंतीला टेकून. तासभर बसले असेन. त्या तासात हेमांगीबद्दल फारसं कुणी बोललंच नाही. येणारा प्रत्येक जण दिलीपबद्दल बोलत होता. "किती केलं हो त्याने." "आजकाल कोण करतं एवढं?" "हेमाचं नशीब, म्हणून असा नवरा मिळाला." दिलीप मान खाली घालून ऐकत होता. एकदाच त्याने वर पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याने लगेच नजर वळवली.

चहा आला, तो न घेता मी उठले.

हेमांगीने मला मोकळीक देऊन ठेवली होती. "मी गेल्यावर ज्याला सांगायचंय त्याला सांग," ती म्हणाली होती. "लाज वाटून गप्प बसलीस तर मानगुटीवर येऊन बसेन." भुतांना मी घाबरत नाही. हेमांगीला मात्र सगळं ऑफिस घाबरायचं, त्यात मीही आले. म्हणून हे लिहितेय.

आम्ही दोघी एका विमा कंपनीच्या परळच्या ऑफिसात होतो. गिरणी पाडून त्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तिच्यात आमचं ऑफिस. हेमांगीचे सासरे त्याच गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. "सासरे इथे घामाने भिजायचे आणि मी इथे थंडीने मरते," असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. बदली होऊन मी आले तेव्हा मे महिना चालू होता आणि ही बाई लोकरीचे हातमोजे घालून क्लेमच्या फायली तपासत होती. बोटांच्या टोकांशी मोजे कापलेले. मला वाटलं, काहीतरी फॅशन असेल.

तो गैरसमज लवकरच दूर झाला. आमचे मॅनेजर एसी वाढवायला तयार नव्हते, म्हणजे गारवा कमी करायला. बाकीच्यांना उकडतं, म्हणायचे. एक दिवस हेमांगी त्यांच्या केबिनमध्ये गेली, मोजे काढले, दोन्ही हात त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवले आणि कुठल्याशा अडकलेल्या क्लेमबद्दल बोलायला लागली. मी दारातच उभी होते. बोलता बोलता तिची बोटं पांढरीफटक पडली, मेणबत्तीसारखी. मग निळी. साहेबांचं क्लेमकडे लक्षच राहिलं नाही. "मॅडम, तुमचे हात..." ते म्हणाले. "हो का? मला वाटलं, मी बहाणे करते," हेमांगी म्हणाली आणि क्लेमचं पुढचं वाक्य बोलायला लागली. साहेबांनी स्वतः खुर्चीवर चढून तिच्या टेबलाच्या वरच्या एसीच्या झडपेला पुठ्ठा लावला.

तिचा आजार होता स्क्लेरोडर्मा. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते आणि कातडी, रक्तवाहिन्या, पुढे आतले अवयवसुद्धा कडक होत जातात. हे डॉक्टरांचं झालं. हेमांगी सांगायची, "आपलेच पोलीस आपल्याच घरात घुसून लाठीमार करतायत. तक्रार कुठे करणार?" चेहऱ्याची कातडी ओढली गेल्यामुळे तिचं तोंड लहान झालं होतं. लालबागची मुलगी, पण आख्ख्या वडापावचा घास घेता येत नाही, याचं तिला आजारापेक्षा जास्त दुःख होतं. पाव कुस्करून, वडा मोडून, चमच्याने खायची आणि म्हणायची, "हा वडापाव नाही. हे वडापावचं श्राद्ध आहे."

"स्पष्ट बोलू?" हे तिचं पालुपद. असं विचारून ती उत्तराची वाट कधी बघत नसे. हिंदमाताला साडी घ्यायला गेलो की दुकानदाराला, "स्पष्ट बोलू? ही तुमच्याकडे गेल्या दिवाळीपासून पडून आहे." नव्या साहेबांना, "स्पष्ट बोलू? तुम्हाला यातलं काही कळत नाही, पण माणूस चांगले आहात." समोरचा रागावायच्या आत ती स्वतःच हसायची. लहान झालेल्या तोंडातून मोठं हसू बाहेर काढताना तिची होणारी कसरत बघून समोरच्यालाही हसू यायचं.

एका विषयावर मात्र ती हसायची नाही, बोलायचीही नाही. तो विषय म्हणजे दिलीप.

दिलीप तिला रोज स्कूटरवरून सोडायला यायचा आणि न्यायला यायचा. डब्यात मऊ भात, गाळलेलं सूप, थर्मासमध्ये गरम पाणी. तिला बटणं लावता यायची नाहीत, केस बांधता यायचे नाहीत. ते सगळं तो करायचा. एकदा तिची वेणी खाली इमारतीच्या दाराशीच सुटली, तर त्याने तिथेच उभं राहून, तोंडात रबर धरून, परत घालून दिली. आमच्या ऑफिसातल्या बायका वरून काचेतून बघत होत्या. त्या दिवशी अर्ध्या बायकांनी घरी जाऊन भांडण काढलं असणार. प्रेमविवाह होता त्यांचा. लालबागच्या टायपिंगच्या क्लासात तो तिच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. मूलबाळ झालं नाही. लग्नानंतर काही वर्षांतच हा आजार आला.

"नवरा असावा तर असा," कुणी म्हटलं की हेमांगी म्हणायची, "हो ना," आणि फाईल उघडायची. इतकी वटवट करणारी बाई तिथेच का थांबते, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

कळलं ते तिच्या पुतणीच्या बाळाच्या बारशानंतर. दुसऱ्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसली आणि चहाला हातही न लावता म्हणाली, "सुजाता, माझ्या मोठ्या जावेने काल सगळ्या बायकांत काय म्हटलं माहितेय? म्हणाली, 'भावजी म्हणजे देवमाणूस. बायकोचं सुख नाही, तरी दुसरीकडे बघत नाहीत.'"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तेच." ती आजूबाजूला बघून हळू बोलायला लागली. "आमच्यात काही नाहीये. कित्येक वर्षं. मला सहन होत नाही गं. आत सगळं कोरडं, कातडीसारखंच आवळलेलं. ब्लेडने कापल्यासारखं दुखतं. सुरुवातीला दात आवळून घेतले. मग त्याच्या लक्षात आलं. मग मी टाळायला लागले. मग त्याने जवळ येणंच सोडलं."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"काय विचारू? जीव वाचवतायत ते माझा. फुफ्फुस बघतात, किडनी बघतात. त्यांना जाऊन हे सांगू? मला वाटलं, माझंच मन मेलंय. बाई म्हणून मी संपले. मी माफी मागते त्याची. रोज. एकदा तर म्हटलं, 'तू दुसरं लग्न कर, मी बाजूला पडून राहीन.' तो म्हणाला, 'वेडी आहेस का? मला तू हवीस, बाकी काही नको.' मी त्याच्या पाया पडले, सुजाता. आमच्यात कुणी नवऱ्याच्या पाया पडत नाही. मी पडले."

मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाली, "पण जावेला कसं कळलं?"

  मग तिनेच स्वतःची समजूत काढली, की बायकांना असल्या गोष्टींचा वास येतो.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दिलीप कामासाठी नाशिकला गेला होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच चुकला. म्हणून मी तिच्यासोबत हॉस्पिटलात गेले. नेहमीचे मोठे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिने बोटं बघितली, श्वास ऐकला, गोळ्या विचारल्या. मग पेन खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात, भूक लागते का विचारावं तसं विचारलं, "आणि संबंधांच्या वेळचा त्रास? तो कमी झाला का?"

हेमांगी बघतच राहिली. मी उठायला लागले, तर तिने माझा हात धरला. "कमी झाला का म्हणजे?" तिने विचारलं. "तुम्हाला कसं माहीत त्रास आहे?"

डॉक्टरीण गोंधळली. "तुम्ही पूर्वी इथे ॲडमिट होतात ना, श्वासाचा त्रास झाला तेव्हा? मी तेव्हा शिकत होते. तुमचे मिस्टर विचारत होते की घरी काय काय काळजी घ्यायची. मी त्यांना सगळंच सांगितलं. की या आजारात आतली त्वचाही कोरडी पडते, आवळते, त्यामुळे दुखतं. त्यात तुमचा दोष नाही आणि त्यावर उपाय आहेत. मलम आहे, जेल आहे, व्यायाम आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन या म्हटलं होतं. ते म्हणाले, 'हो, मी सांगतो तिला.'" मग थोडी ओशाळून म्हणाली, "त्या विषयावर मी पेशंटच्या घरच्यांशी पहिल्यांदाच बोलत होते. म्हणून लक्षात राहिलं."



"मला का नाही सांगितलंत?" हेमांगीने विचारलं.

"तुमची तब्येत तेव्हा..."

"मी नंतर बरी झाले ना. घरी गेले. कितीदा इथे आले. दुखत मला होतं, डॉक्टर. सांगितलंत त्याला."

ती डॉक्टरीण प्रामाणिक होती. म्हणाली, "चुकलं. मला वाटलं, नवऱ्याला सांगितलं म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलं." आणि तिने शांतपणे, काहीही आडपडदा न ठेवता, सगळं पुन्हा सांगितलं. कुठलं औषध, कसं लावायचं, घाई करायची नाही, आधी गरम पाण्याने शेकायचं, दुखलं तर थांबायचं, आणि जवळ येण्याच्या दुसऱ्याही किती रीती असतात. हेमांगी शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. बाहेर आल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी मेलेली नव्हते."

तेव्हा मला वाटलं, ती आनंदाने बोलतेय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा चेहरा बघितला आणि कळलं.

दिलीप नाशिकहून आल्याबरोबर तिने विचारलं होतं. आरडाओरडा नाही. "डॉक्टरांनी तुला काही सांगितलं होतं?" तो आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, तुझ्या मनाला त्रास नको म्हणून. मग शेवटी म्हणाला, "मला लाज वाटली गं. तुझ्याशी कसं बोलू, कळेना. मग दिवस गेले, आणि मग बोलणं आणखीनच अवघड झालं."

"लाज वाटली," हेमांगी मला सांगत होती. "मी समजू शकते, सुजाता. खरंच. मलाही वाटत होती. मी म्हटलं, ठीक आहे, लाज वाटली. मग तुझ्या दादाला सांगताना नाही वाटली? वहिनीला कसं कळलं?  मग म्हणाला, 'मन मोकळं करायला कुणीतरी लागतं ना मलापण.' म्हणजे बघ. माझ्या अंगाची गोष्ट माझ्या दिराला माहीत, जावेला माहीत, बारशाला आलेल्या बायकांना माहीत. मला माहीत नाही."

तिने मोजे काढले आणि परत घातले.

"आणि मी माफी मागत होते तेव्हा तो काय करत होता माहितेय? माझ्या डोक्यावर हात फिरवत होता. म्हणायचा, असू दे. असू दे! त्याला माहीत होतं, माझी चूक नाही. तरी माफी घेत राहिला. दुसरी बाई असती ना, तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित माफही केलं असतं. या माणसाने दुसरं काही केलंच नाही. फक्त चांगला राहिला. माझ्या जिवावर चांगला राहिला."

मी म्हटलं, "पण तो तुझं एवढं सगळं करतो..."

"करतो. वेणी घालतो. लोकांना दिसतं ते सगळं करतो." एवढंच बोलून ती कामाला लागली.

ती एकटी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. औषध घेतलं, व्यायाम शिकली. मला सगळं सांगायची; आता तिला कशाचीच लाज उरली नव्हती. काही महिन्यांनी एकदा जिन्यात थांबून म्हणाली, "दुखलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिला मिठी मारायला गेले. ती तशीच उभी राहिली. "मला बघायचं होतं एकदा," ती म्हणाली. "खरंच होतं का, ते. खरं होतं. थोडं जड वाटलं, पण दुखलं नाही. इतकं सोपं होतं गं. मी रडायला लागले. त्याला वाटलं, आनंदाने." आणि मग, "आता तो नकोय मला. दुखत होतं तेव्हा हवा होता."

त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत वेगळी झोपायला लागली. बाहेर काहीच बदललं नाही. स्कूटर येत होती, डबा येत होता. त्याची गरज तिला होतीच. तिची बोटं आता पार मिटत चालली होती. ज्याचा राग आहे त्याच्याकडूनच रोज ब्लाऊजचे हूक लावून घ्यायचे, ही तिची शिक्षा होती, आणि त्याचीही असावी.

पुढच्याच वर्षी या आजाराच्या रुग्णांचा मेळावा भरला, परळमधल्याच एका शाळेच्या सभागृहात. डॉक्टर लोक आहारावर बोलले, थंडीपासून जपण्यावर बोलले, योगासनांवर बोलले. शेवटी पेशंटची काळजी घेणाऱ्या जोडीदारांचा सत्कार होता. दिलीपचं नाव पुकारलं गेलं. शाल, नारळ, टाळ्या. निवेदिका म्हणाली, "आता हेमांगीताईंनी आपल्या आदर्श जोडीदाराबद्दल दोन शब्द बोलावेत."

मी तिच्या शेजारी बसले होते. ती उठून मंचावर गेली. माईक तिच्या बोटांत राहीना, म्हणून दिलीपनेच पुढे होऊन तो तिच्या तोंडासमोर धरला.

"स्पष्ट बोलू?" ती म्हणाली. ऑफिसातली आम्ही दोघं-तिघं हसलो.

"यांनी माझ्या गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. केस विंचरले, भरवलं. त्याबद्दल धन्यवाद. आता माझा डॉक्टरांना प्रश्न आहे. सकाळपासून तुम्ही आमच्या बोटांवर बोललात, पोटावर बोललात. नवरा-बायकोच्या संबंधांवर कुणी बोललं नाही. या हॉलमधल्या किती जणींना ते दुखतं, कुणी विचारलंय?"

 पुरुष चपलांकडे बघायला लागले. मंचावरचे एक डॉक्टर घाईने म्हणाले, "ताई, हा नाजूक विषय आहे, आपण वैयक्तिक बोलू या."

"वैयक्तिकच बोलत आलोय, डॉक्टर. म्हणून तर आमच्यापर्यंत काही पोचत नाही." मग ती हॉलकडे वळली. "बायांनो, यावर उपाय आहे. तुम्ही बिघडलेल्या नाही. डॉक्टरांना स्वतः विचारा. आणि सत्कार झालेल्या सगळ्या नवऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं असेल, तर ते आज घरी गेल्यावर बायकोला सांगा. भावाला नको. बायकोला."

मागच्या रांगेतून एका बाईने टाळी वाजवली. एकटीनेच. मग आणखी एक-दोघींनी. निवेदिकेने चहाची वेळ झाल्याचं सांगून टाकलं. दिलीपच्या खांद्यावर शाल होती आणि हातात माईक तसाच धरलेला होता, हेमांगी खाली उतरून गेली तरी. कुणाला काही कळलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुमच्या मिसेस फार धीट आहेत. तुमचा पाठिंबा आहे म्हणूनच."

त्याने मान हलवली. होकारार्थी.

पुढे तिच्या फुफ्फुसांनी साथ सोडली. नोकरी सुटली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मी जायची तेव्हा दिलीप चहा करून आणायचा आणि खोलीबाहेर निघून जायचा. एकदा मी तिला विचारलं, "माफ केलंस का गं?" ती म्हणाली, "तो विचारत नाही, मी सांगत नाही. आमच्या घराची पद्धतच आहे ती." आणि हसली, मग दम लागला म्हणून थांबली.

पण तिची शेवटची आठवण म्हणून मला ते घर आठवत नाही. त्याच्या थोडं आधीची हॉस्पिटलातली सकाळ आठवते. मी माझ्या आईचे रिपोर्ट घ्यायला गेले होते. ओपीडीच्या व्हरांड्यात हेमांगी व्हीलचेअरवर बसली होती. दिलीप तिच्यामागे उभा. शेजारच्या बाकावर एक नवीन लग्न झालेली मुलगी, हातात हिरवा चुडा, बोटांवर तोच निळा रंग. तिचा नवरा बाजूला उभा राहून मोबाईल बघत होता.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात हेमांगीने मान वळवून दिलीपला काहीतरी सांगितलं. त्याने त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं चहाच्या टपरीकडे निघाले. दिलीप माझ्यासमोरून गेला, पण त्याने मला पाहिलं नाही.

हेमांगीने खुर्ची जरा पुढे सरकवली आणि त्या मुलीच्या कानाशी वाकली. बोलत राहिली, दम खात, थांबत. मुलीने ओढणीने तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. हेमांगी थांबली नाही. मग हळूहळू ती ओढणी खाली आली. मुलीने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

हेमांगी उत्तर द्यायला आणखी जवळ वाकली. मी तिला हाक न मारता निघून आले.